परदेशातील विवाह आणि भारतीय कायदा

शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्यांचे विवाह पुष्कळदा तेथेच होतात. पुढे वारसा वा पोटगीचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे नुसती छायाचित्रे पुरेशी ठरत नाहीत. वधूला तर प्रमाणपत्राचाच आधार असतो.

याकरिता संसदेने १९६९ मध्ये विदेशी विवाह अधिनियम संमत केला. वधूवरांपैकी एकजण तरी भारतीय नागरिक असल्यास तेथील भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करता येतो. वराचे वय २१ व वधूचे १८ वर्षे पूर्ण हवे. दोघांपैकी एकाचे वास्तव्य नोटिशीपूर्वी ३० दिवस त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात असावे लागते. नोटीस त्याच्या कार्यालयात तर लागतेच, शिवाय भारतातही प्रसिद्ध केली जाते आणि ३० दिवसांत हरकत नोंदविता येते. गावी पहिली पत्नी असताना परदेशात दुसरा संसार थाटू पाहणाऱ्याला अडविण्याची हीच संधी होय. ग्रामस्थांनी ती दवडू नये.

विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात, दारे उघडी ठेवून, किमान तीन साक्षीदारांसमक्ष होतो. विधी पक्षकारांच्या पसंतीचा असू शकतो. मात्र परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे ठराविक शब्द उच्चारणे अनिवार्य आहे.

तेथील स्थानिक कायद्यानुसार विवाह आधीच झाला असल्यास, या अधिनियमातील अटी पूर्ण होत असतील तर त्याच अधिकाऱ्याकडे त्याची नोंदणी करून घेता येते.