लोहचुंबक कुणाला धरतो?

बोईसरला भंगारवाल्याच्या काट्याशेजारी लोहचुंबकाचा एक तुकडा हाताशी असतो. स्टीलचा माल आला की आधी त्याला चुंबक लावून पाहायचा. चिकटला तर साधं लोखंड किंवा कमी भावाचं स्टेनलेस. नाही चिकटला तर बहुधा निकेलवालं, म्हणजे भाव जास्त. तारापूर एमआयडीसीत स्टेनलेसच्या सळ्या आणि तारा बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे या भागात ही पारख अनेकांच्या हाताला सवयीची.

पण तिच्यात एक कोडं आहे. लोखंड चुंबकाला चिकटतं, निकेलही चिकटतं. मग लोखंडात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल घालून केलेलं ‘304’ जातीचं स्टेनलेस का चिकटत नाही?

लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबक असतो. एरवी हे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात, आणि या मांडणीत शेजारशेजारचे चुंबक एकाच दिशेला तोंड करतात. निकेल ती मांडणी बदलतं. अणू आता कोपऱ्यांवर आणि घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर बसतात. शेजार बदलला की एकमत मोडतं, आणि चुंबक रिकामा परततो.

हाच खेळ आता संशोधक फार मोठ्या पटावर मांडत आहेत. पोलादात लोखंड मुख्य आणि बाकीचे धातू जोडीला. उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातूंत मुख्य असा कुणीच नसतो. पाच किंवा जास्त धातू जवळपास सारख्या वाट्याने एकत्र येतात. 2004मध्ये ब्रिटनमध्ये ब्रायन कँटर आणि तैवानमध्ये जिएन-वेई ये यांनी स्वतंत्रपणे असे मिश्रधातू जगापुढे आणले. त्याआधी, 2003मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एस. रंगनाथन यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या नव्या वाटेकडे लक्ष वेधलं होतं.

लोखंड, कोबाल्ट आणि निकेल समप्रमाणात घेतले तर उत्तम चुंबकीय मिश्रधातू मिळतो. त्यात तितकंच क्रोमियम घाला: त्याचे अणू शेजाऱ्यांच्या उलट तोंड करू पाहतात, आणि चुंबकत्व फक्त उणे 140 अंश सेल्सिअसच्याही खालच्या तापमानात उरतं. मँगनीजचं वागणंही असंच आडमुठं. कोबाल्ट, लोखंड, मँगनीज, निकेल या चौकडीत चुंबकत्व क्षीण असतं. पण तिच्यात ॲल्युमिनियम घातलं, तर? 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संपृक्त चुंबकन, म्हणजे पदार्थाला गाठता येणारं कमाल चुंबकत्व, सुमारे आठपट झालं. ॲल्युमिनियमचा स्वतःचा तुकडा चुंबकाला चिकटत नाही. पण त्याच्या येण्याने अणूंची मांडणी बदलली, इलेक्ट्रॉनांचं वाटप बदललं आणि मँगनीजचे अणू इतरांच्या दिशेला वळले.

निकेलने चुंबकत्व घालवलं, ॲल्युमिनियमने ते आणलं. चुंबकत्व धातूच्या नावात नसतं, ते त्याच्या शेजारात असतं.

विजेच्या मोटर आणि ट्रान्स्फॉर्मरच्या गाभ्यासाठी हे ज्ञान मोलाचं आहे. ॲल्युमिनियम, सिलिकॉन यांच्या भरीने विजेचा रोध वाढतो, गाभ्यात फिरणारे भोवरे-प्रवाह घटतात आणि उष्णतेत वाया जाणारी वीज वाचते. भर अति झाली, तर मात्र मिश्रधातू ठिसूळ होतो.

भर निवडताना मिश्रधातू कुठे वापरायचा, ती जागाही पाहावी लागते. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969पासून वीज देऊ लागलं. अशा केंद्रातल्या अणुभट्टीच्या पाण्यात झिजून उतरलेलं कोबाल्ट गाभ्यात पोचलं, तर न्यूट्रॉन गिळून त्याचं कोबाल्ट-60 होतं. तीव्र गॅमा किरण सोडणाऱ्या या द्रव्याचा अर्धायुकाळ सव्वापाच वर्षांहून थोडा जास्त. म्हणूनच चुंबकासाठी हवंहवंसं कोबाल्ट वगळून अणुभट्टीजोगे उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू घडवण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत.

घरी एक प्रयोग करा. चुंबक न धरणारी स्टीलची वाटी घ्या आणि चुंबक तिच्या वळणावर, काठावर फिरवा. काही वाट्यांत तिथे हलकीशी ओढ जाणवेल. पत्रा साच्यात दाबून ताणताना तिथल्या काही अणूंची मांडणी पुन्हा लोखंडासारखी झालेली असते. एकही नवा धातू घातलेला नाही. फक्त शेजार बदलला आहे.