डिजिटल ग्रंथालये आणि नोंदीचे शास्त्र

ग्रंथालयात ग्रंथ असणे ही एक गोष्ट आणि तो गरजू वाचकाच्या हाती पडणे ही दुसरी गोष्ट. पूर्वी या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे ग्रंथपाल आणि त्याच्या टेबलाशेजारचे कार्डांचे कपाट. लेखकाच्या नावाचे एक कार्ड, ग्रंथनामाचे दुसरे, विषयाचे तिसरे. वाचक कोणत्याही वाटेने आला तरी त्याला ग्रंथ सापडावा, अशी ती योजना होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांपैकी दोन याच संबंधीचे आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे.

आता ग्रंथ संगणकावर आले आहेत. विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर, कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आणि नाना संस्थांचे साहित्य खरगपूरच्या आयआयटीने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयावर उपलब्ध आहे. परभणीसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला ही मोठीच पर्वणी आहे. परंतु या कपाटापुढे उभे राहून पुस्तके चाळता येत नाहीत. स्कॅन केलेले पान हे संगणकाच्या दृष्टीने नुसते चित्र असते. त्या चित्रासोबत जी नोंद जोडलेली असेल, तीवरूनच ते सापडते. नोंद चुकली की ग्रंथ असून नसल्यासारखा. या नोंदीलाच ‘मेटाडेटा’ म्हणतात. त्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मेटाडेटा म्हणजे काय?

मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती. बँकेत खाते उघडताना आपण जो फॉर्म भरतो, त्यात पैसे नसतात; पैसे कोणाचे, कुठले आणि कोणत्या प्रकारचे, हे त्यात असते. ग्रंथाच्या नोंदीचेही तसेच आहे. या नोंदीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला वर्णनाचा : ग्रंथाचे नाव, लेखक, विषय, भाषा, वर्ष. दुसरा रचनेचा : कोणत्या पानानंतर कोणते पान, कोणते प्रकरण कोठे सुरू होते. तिसरा व्यवस्थापनाचा : फाईल कोणत्या प्रकारची आहे, ती केव्हा व कशावरून तयार केली, तिचे हक्क कोणाकडे आहेत. पहिल्या भागामुळे ग्रंथ सापडतो, दुसऱ्यामुळे नीट वाचता येतो आणि तिसऱ्यामुळे तो पुढच्या पिढीपर्यंत टिकतो.

प्रमाणके कशासाठी?

प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे नोंद केली तर एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याच्या संगणकाला कळणार नाही. बँकेच्या शाखेचा आयएफएससी क्रमांक पाहा. अकरा चिन्हे, पहिली चार बँकेची, पाचवे शून्य, उरलेली सहा शाखेची. देशातल्या सर्व बँकांनी हा एकच नियम पाळल्यामुळे परभणीतून पाठविलेले पैसे नागपुरातल्या नेमक्या शाखेत पोहोचतात. ठरलेल्या जागी ठरलेली माहिती लिहिण्याच्या अशा नियमालाच प्रमाणक म्हणतात.

ग्रंथांच्या बाबतीत हे काम प्रथम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये झाले. १९६० च्या दशकात हेन्रिएट अ‍ॅव्हराम या संगणकतज्ज्ञ महिलेच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ ही पद्धती तयार झाली. तिच्यात प्रत्येक माहितीला तीन अंकी क्रमांक असतो. लेखक १०० मध्ये, ग्रंथनाम २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये. ग्रंथाची भाषा कोणतीही असो, २४५ म्हटले की ग्रंथनाम.

‘मार्क’ ही प्रशिक्षित ग्रंथपालांसाठी होती. इंटरनेटचा प्रसार झाल्यावर सोप्या पद्धतीची गरज भासू लागली. मार्च १९९५ मध्ये ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ यांची बैठक झाली. तिच्यातून पुढे पंधरा घटकांची यादी सिद्ध झाली. ती म्हणजे ‘डब्लिन कोअर’. शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहयोगी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क हे ते पंधरा घटक. २००३ साली तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा दर्जा मिळाला. शोधगंगा व कृषिकोश ज्या ‘डीस्पेस’ या संगणकप्रणालीवर चालतात, तिचा पाया हीच यादी आहे.

एका नियतकालिकाची नोंद

हे घटक प्रत्यक्षात कसे उपयोगी पडतात, हे ‘मूकनायक’च्या उदाहरणावरून पाहू. शीर्षक : मूकनायक. प्रकार : पाक्षिक. भाषा : मराठी. पहिल्या अंकाचा दिनांक : ३१ जानेवारी १९२०. ठिकाण : मुंबई. इथपर्यंत सोपे आहे. परंतु निर्माता कोण? पत्राचे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पत्र सुरू केले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, त्यावेळी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. नोंद करणाऱ्याने छापलेले तेवढेच नाव उतरविले, तर बाबासाहेबांच्या नावाने शोधणाऱ्या विद्यार्थ्याला हा अंक सापडणार नाही. उलट भटकरांचे नाव गाळले, तर त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून ‘निर्माता’ आणि ‘सहयोगी’ असे दोन घटक आहेत, आणि प्रत्येक नावापुढे संस्थापक, संपादक, अनुवादक अशी भूमिका लिहिण्याची सोय आहे.

‘संबंध’ हा घटकही असाच महत्त्वाचा. १९३० साली निघालेल्या ‘जनता’ पत्राचे १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले. आधीचे नाव आणि नंतरचे नाव एकमेकांशी जोडले नाही, तर वाचकाला वाटेल की ‘जनता’ बंद पडले आणि कोणते तरी नवे पत्र निघाले.

नावे बदलतात तेव्हा

आपल्या भागात हा प्रश्न विशेष आहे. औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. विधिमंडळाने १९७८ मध्ये नामांतराचा ठराव केल्यापासून जवळजवळ सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि परभणीची महाविद्यालये तिकडे गेली. म्हणजे परभणीच्या एकाच महाविद्यालयातील संशोधकांचे प्रबंध काळानुसार तीन नावांखाली विखुरलेले असू शकतात. येथील कृषी विद्यापीठाचेही असेच. १९७२ चे मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झाले.

जिल्ह्याच्या सीमाही बदलल्या. १९८१ मध्ये परतूर जालना जिल्ह्यात गेले, १९९९ मध्ये हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. १९६७ च्या परभणी जिल्हा गॅझेटियरमध्ये हिंगोलीचीही माहिती आहे. नोंदीत ‘व्याप्ती’ हा घटक नीट भरला नसेल, तर हिंगोलीचा अभ्यासक त्या ग्रंथापर्यंत पोहोचणार कसा?

यावर ग्रंथपालांचा उपाय असा की, नावांची एक स्वतंत्र सूची ठेवायची. तिच्यात एक नाव प्रमाण मानायचे आणि बाकीची सर्व नावे त्याला जोडायची. २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पण जुन्या पासबुकातील व्यवहार कोणी फाडून टाकले नाहीत. नोंदीच्या शास्त्रातही जुने नाव पुसत नाहीत. नव्या नावाने विचारले तरी आणि जुन्या नावाने विचारले तरी उत्तर एकच मिळावे, एवढेच पाहतात. नामांतरासाठी लोकांनी काय सोसले, हे उद्याच्या विद्यार्थ्याला कळायचे असेल, तर दोन्ही नावे आणि त्यांमधली तारीख नोंदीत असलीच पाहिजे.

तारीख, लिपी आणि हक्क

६-१२-१९५६ असे लिहिले की आपल्याला महापरिनिर्वाण दिन आठवतो. परंतु अमेरिकी पद्धतीत आधी महिना येतो, म्हणून तिकडे हीच तारीख १२ जून वाचली जाईल. यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणक असे सांगते की, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा : १९५६-१२-०६. यात घोटाळ्याला जागा नाही.

लिपीचा प्रश्न त्याहून बिकट आहे. आपल्या अनेक मराठी ग्रंथांची नावे संगणकावर रोमन लिपीत चढविली गेली. ‘ज्ञानेश्वरी’ कोणी ‘डीएन’ने सुरू करतो, कोणी ‘जेएन’ने, तर कोणी ‘जीवाय’ने. शोधणाऱ्याने कोणते अक्षर धरावे? शीर्षक मूळ देवनागरीत, तेही युनिकोडमध्ये लिहिणे आणि रोमन रूप सोबत जोडणे हाच खरा मार्ग. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हे होऊन बसते, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

हक्कांची नोंदही आवश्यक आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. त्यामुळे बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. मात्र त्यांच्या अनुवादाचा हक्क वेगळा असतो. नोंदीत हे स्पष्ट असेल, तर संस्थांना ग्रंथ निर्धास्तपणे देता येतात.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थी मित्रांनो, हे शास्त्र केवळ मोठ्या ग्रंथालयांसाठी नाही. आपल्या घरांत आणि विहारांत जुनी छायाचित्रे, जयंतीची हस्तपत्रके, गायनमंडळांच्या वह्या, परिषदांच्या निमंत्रणपत्रिका आहेत. हौसेने मोबाईलवर त्यांचे फोटो काढले जातात आणि यंत्राने दिलेल्या आकड्यांच्या नावाने ते तसेच पडून राहतात. फोटो राहतो, पण तो कोणाचा, हे सांगणारे माणूस राहत नाही.

म्हणून प्रत्येक वस्तूसाठी निदान सात प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. हे काय आहे? कोणी केले? यात कोण आहेत? केव्हाचे? कुठले? मूळ प्रत कोणाकडे आहे? दुसऱ्याला दाखविण्यास त्यांची संमती आहे काय? तारीख निश्चित नसेल तर ‘सुमारे’ लिहावे, अंदाजाला खात्रीचे रूप देऊ नये. छायाचित्रातील स्त्रियांची नावे ‘अमक्याची पत्नी’ अशी न लिहिता त्यांची स्वतःची नावे विचारून लिहावीत. माहिती कोणी दिली, तेही नोंदवावे. ही उत्तरे डब्लिन कोअरच्या घटकांत सहज बसतात, त्यामुळे उद्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला हा संग्रह द्यावयाचा झाल्यास आज केलेले काम वाया जाणार नाही.

स्कॅनिंगचे यंत्र उद्याही मिळेल. परंतु छायाचित्रातील माणसांना ओळखणारे आपले आजी-आजोबा आज आहेत. तेव्हा येत्या सुटीत एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, आणि त्यांनी सांगितलेले नाव, गाव आणि साल त्याच दिवशी लिहून काढावे.