धुमाची कणीक

पहाटे 5. लातुरात आमच्या घरी दिवसाची पहिली कणीक मळली जाते ती मृदंगासाठी. ती मी स्वतःच मळतो, पोळीच्या कणकेपेक्षा सैल. धुमाच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या पुडीवर ती थापली की आवाज खाली उतरतो, भरतो. श्रावणात कातडं दमटतं, मग गठ्ठे ठोकून शाईची पुडी स्वरात आणावी लागते. उन्हाळ्यात कणीकच वाळते. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या दिवसांतही धुमासाठी ओंजळभर पाणी बाजूला काढलेलं असायचं.

6 वाजता रियाज. चौतालाच्या बारा मात्रा, अगदी संथ.

8 वाजता मुलं येतात. हात वाद्यावर पडायची त्यांना घाई. मी हात सोडवून टाळी धरायला लावतो, आणि आधी बोलायला: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. तोंडात अडखळलेला बोल हातातून सुटा निघत नाही, हे मी रोज बघतो. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी अमेरिकेत ढोल शिकवत, तेही गन, दुन, गो, दो, पा, ता अशी अक्षरं म्हणवून घेत. हे सांगितलं तेव्हा एका पोरीनं ती अक्षरं लगेच चौतालात बसवली. तो आनंद मला दिवसभर पुरला.

11 वाजता एसटी. अहमदपूर, लोहा, नांदेड. मृदंग मांडीवरच.

दुपारी 4. नांदेडचा वर्ग. शिखांच्या कीर्तनपरंपरेतली जोडी तबल्यासारखी दोन भागांची, पण तिच्याही डाव्या अंगाला कणीक लागते. गुरुद्वाऱ्याच्या या गावातल्या मुलांना हे ठाऊक असायलाच हवं. आपेगावच्या मृदंगवादक शंकरबापूंचं नावही मी आवर्जून घेतो. त्यांच्यामुळे मृदंगासाठी पद्मश्री आपल्याच मराठवाड्यात आली.

वर्ग संपला की सप्ताहाच्या गावी. तिथं संध्याकाळी हरिपाठ, रात्री 9 वाजता कीर्तन. मृदंग गळ्यात, दोन तास उभं राहून. शेवटच्या गजराला मी पट्टा काढून शिष्याच्या गळ्यात घालतो. पहिल्या आवर्तनात तो घाबरतो, दुसऱ्यात टाळकऱ्यांकडे बघतो, तिसऱ्यात त्याची मान डोलू लागते. मी टाळ घेऊन मागं उभा.

11:30. कणीक खरवडून पुडी कोरडी पुसतो. तशीच राहिली तर कातडं बिघडतं. पहाटे काकडा आहे. झोपण्याआधी यजमानांच्या घरून वाटीभर पीठ मागून उशाशी ठेवतो.