हिपॅटायटिस बी-सी असताना पोटात जंतही असतील तर?

रक्तदान करताना किंवा चाकण-भोसरीच्या एखाद्या कंपनीत रुजू होण्याआधीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी असल्याचं अनेकांना पहिल्यांदा कळतं. मग यकृताबद्दल खूप प्रश्न विचारले जातात, पण जंतांबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

हिपॅटायटिसचा विषाणू यकृताच्या पेशींच्या आत राहतो. त्याला रोखायला शरीर टी-पेशी पाठवतं आणि त्या बाधित पेशी नष्ट करतात. जंत मात्र पेशीत मावत नाहीत. त्यांच्यासाठी इओसिनोफिल आणि आयजीई प्रतिपिंडांची वेगळी फौज उभी राहते. ही फौज जोरात असली, की विषाणूविरुद्धची काहीशी मंदावते. शिवाय वर्षानुवर्षं टिकून राहण्यासाठी जंत प्रतिकारशक्तीला शांत ठेवणारे पदार्थ सोडतात. त्याचा फायदा विषाणूलाही मिळू शकतो.

याचं ठळक उदाहरण इजिप्तमध्ये दिसलं. तिथे १९५० ते १९८० च्या दशकांत बिल्हार्झिया या जंताच्या आजारावर नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांनी इंजेक्शनं दिली गेली आणि त्यातून हिपॅटायटिस सी पसरला. दोन्ही आजार असलेल्यांचं यकृत जास्त बिघडलेलं आढळलं. अर्थात या जंताची अंडी यकृतात अडकून थेट इजाही करतात. आपल्याकडे बिल्हार्झिया जवळपास नाहीच (रत्नागिरीतल्या गिमवी गावाची जुनी नोंद हा अपवाद, तीही मूत्रमार्गाच्या प्रकाराची). आपल्याकडच्या गोलकृमी आणि अंकुशकृमींबद्दलचा पुरावा इतका भक्कम नाही, त्यामुळे घाबरू नका.

तरीही तपासणी सोपी आहे. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले असतील, किंवा हिमोग्लोबिन कमी असेल, तर डॉक्टरांना शौचाच्या तपासणीबद्दल विचारा. सामायिक शौचालय वापरत असाल, गावी शेतात अनवाणी फिरत असाल, तर तेही सांगा. जंताची गोळी परस्पर घेऊ नका, विशेषतः यकृत आधीच खराब असेल किंवा गरोदर असाल तर. आणि जंत गेले म्हणून हिपॅटायटिस बरा होत नाही. टेनोफोविरसारखं औषध मनाने बंद केल्यास विषाणू पुन्हा उसळून यकृत अचानक निकामी होऊ शकतं. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जवळच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या, तर हिपॅटायटिस असल्याचं आधी सांगा. स्टेरॉइडमुळे विषाणू आणि स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत, दोन्ही उसळू शकतात.