बेलम : पाण्याने खोदलेली गुहा

गुहा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लेणी येतात. अजिंठा, वेरूळ, पितळखोरे, लातूर जिल्ह्यातील खरोसा, नांदेड जिल्ह्यातील माहूर. ही सगळी माणसाच्या हातांची करामत. कुणीतरी डोंगरासमोर उभे राहिले, छिन्नी लावली आणि पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत आत गेले. पण ज्या गुहेला माणसाचा हातच लागलेला नाही, जी पाण्याने एकट्याने खोदली आहे, अशी लांबलचक गुहा आपल्याकडे सहसा दिसत नाही. असे का, याचे उत्तर आपल्या पायाखालच्या दगडात आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर साचला आणि दख्खनचे पठार तयार झाले. आमची बिलोली या पठाराच्या पूर्वेच्या काठावर आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात काळा पाषाण संपत जातो आणि त्याखालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट वर येतो. आमच्याकडे माळावर हत्ती बसल्यासारखे गोल धोंडे दिसतात, ते त्याचेच. बेसॉल्ट काय किंवा ग्रॅनाइट काय, हे दगड पाण्याने फुटतात, झिजतात, त्यांचा मुरूम होतो. पण साखरेसारखे विरघळत नाहीत. म्हणून धबधब्यामागे एखादी कपार तयार होते, लाव्हा वाहून गेल्यावर क्वचित एखादी पोकळी उरते, पण मैल-मैल चालावे अशी गुहा होत नाही. त्यासाठी चुनखडक लागतो.

असा चुनखडक आणि अशी गुहा बघायला आम्ही बिलोलीचे चौघे मित्र काही वर्षांपूर्वी आंध्र प्रदेशात गेलो होतो. मांजरा ओलांडून बोधन, निजामाबाद, हैदराबाद, कर्नूल असा प्रवास. बेलम हे छोटे गाव. पूर्वी ते कर्नूल जिल्ह्यात होते, २०२२ पासून नंद्याल जिल्ह्यात आहे. आजूबाजूला डोंगरदेखील नाही. सपाट माळरान, फरशीचा दगड काढायच्या खाणी आणि उन्हात उभी असलेली बुद्धाची मोठी मूर्ती. गुहा कुठे आहे, असे विचारावे तर वाटाड्या पायाखाली बोट दाखवतो. जमिनीत विहिरीसारखे तीन खड्डे आहेत. त्यातल्या मधल्या खड्ड्यात आता जिना बांधला आहे. तो उतरला की आपण माळरानाच्या पोटात शिरतो.

आमच्या घरी दख्खनी बोलली जाते. गुहेला उर्दूत ‘गार’ म्हणतात. मराठीत गार म्हणजे थंड. बेलमची गार मात्र मुळीच गार नाही. आत दमट उकाडा आहे. जसजसे खोल जावे तसा अंगरखा घामाने चिंब होतो, आणि आत हवा खेळती राहावी म्हणून ठिकठिकाणी नळ्यांनी वारा सोडावा लागतो. नळीखाली जो तो घटकाभर उभा राहतो आणि मगच पुढे निघतो.

या गुहेची मोजलेली लांबी ३२२९ मीटर आहे. त्यातील सुमारे दीड किलोमीटरचा भाग लोकांना पाहता येतो. मेघालयात याहून कितीतरी लांब गुहा आहेत. मैदानी भारतात मात्र बेलमच सर्वांत लांब मानली जाते. वाट कधी दालनासारखी रुंद होते, कधी इतकी चिंचोळी की खांदा तिरपा करून जावे लागते. भिंती काळसर करड्या आहेत. त्यावर हात न लावताही कळते की येथे छिन्नीचा एकही घाव नाही. सगळे गुळगुळीत आणि गोलाईदार, जणू कुंभाराने ओल्या मातीवरून बोट फिरवावे तसे. छताला गोल वाटीसारखे खळगे आहेत. एका दालनात छतापासून लोंबणारे दगड वडाच्या पारंब्यांसारखे दिसतात. दुसऱ्या ठिकाणी नागाच्या हजार फण्या उगारल्याचा भास होतो. ‘कोटिलिंगालू’ नावाच्या दालनात शिवलिंगासारखे असंख्य उंचवटे आहेत, आणि वरून उतरलेला व खालून वाढलेला असे दोन दगड एकमेकांना मिळून झालेला एक जाडजूड खांब आहे. ‘सप्तस्वराल गुहा’ या भागात लोंबत्या दगडांवर टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो.

सर्वांत खोल जागा पाताळगंगा. प्रवेशद्वारापासून ती ४६ मीटर खाली आहे. तिथे एक लहानसा झरा बारमाही वाहतो आणि थोडे अंतर जाऊन जमिनीत गडप होतो. वाटाड्याने दिव्याचा झोत पाण्यावर टाकला आणि म्हणाला, “नीळ्ळु.” नीळ्ळु म्हणजे पाणी, हे सीमेवरच्या बिलोलीकराला सांगावे लागत नाही. पुढे तो त्याच्या हिंदीत म्हणाला, “साब, घर बनानेवाला अभी घर में है.” मला ते वाक्य फार आवडले. ज्याने घर बांधले तो कारागीर अजून घर सोडून गेलेला नाही.

आता हा कारागीर काम कसे करतो ते पाहू. पावसाचे पाणी हवेतून पडताना थोडा कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते. मग ते मातीत मुरते. मातीत झाडांची मुळे असतात, कुजणारा पाला असतो, असंख्य सूक्ष्म जीव असतात. त्यांच्यामुळे मातीत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक असतो. तो घेऊन पाणी किंचित आंबट होते. सोडावॉटरची बाटली आठवा. तेच हे रसायन, फक्त फार सौम्य. हे पाणी बेसॉल्टवरून गेले तर दगडावर लवकर काही दिसत नाही. पण चुनखडकाच्या भेगेत शिरले तर ते दगडाचा कणकण आपल्यात विरघळवून घेते.

बेलमचा चुनखडक पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे. तो एका प्राचीन समुद्राच्या तळाशी थराथराने साचला. पुढे जमीन वर उचलली गेली, खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. त्या भेगांतून पाणी जाऊ लागले. केसाएवढी भेग बोटाएवढी झाली, बोटाएवढीची नळी झाली, आणि जिथे वाट मोठी तिथे पाणी जास्त, जिथे पाणी जास्त तिथे झीज जास्त, असे हे चक्र सुरू राहिले. तेव्हा या वाटा पाण्याने काठोकाठ भरलेल्या होत्या. म्हणून पाण्याने खाली, वर, बाजूला, चहूकडून दगड खाल्ला, आणि छतही गोलाईदार झाले. पुढे भूजलाची पातळी खाली गेली, वाटा रिकाम्या झाल्या, त्यांत हवा शिरली. काही ठिकाणी छत पातळ होऊन खचले. मघाचे विहिरीसारखे खड्डे तसेच झाले. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना विलयविवर म्हणतात.

इथे पाण्याचे दुसरे काम सुरू होते. आधी ज्याने दगड खाल्ला तेच पाणी आता दगड घडवते. छतातून चुना घेऊन आलेला थेंब मोकळ्या हवेत लोंबतो. त्याच्यातला वायू उडून जातो, आणि मग चुना धरून ठेवण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. थेंब पडण्यापूर्वी चुन्याचा एक अतिसूक्ष्म कण छताला ठेवून जातो. खाली पडल्यावर उरलासुरला चुना जमिनीवर ठेवतो. छताकडून लोंबतो तो अधोमुखी स्तंभ, जमिनीवरून वाढतो तो ऊर्ध्वमुखी. आपल्या बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो याच कुळातला. मात्र गुहेत घाई नाही. साधारण शंभर वर्षांत एखाद्या सेंटिमीटरची भर पडते. म्हणजे हातभर लांबीचा स्तंभ मोडायला एक क्षण पुरतो, आणि तो घडायला चार-पाच हजार वर्षे लागतात.

चुना आपल्याला परका नाही. जुन्या माणसांनी चुन्याचा घाणा पाहिला असेल. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला वायू निघून जातो. ती विरवून, घाण्यात मळून भिंतीला लावली की हवेतला तोच वायू परत शोषून ती पुन्हा दगड होते. गढी असो, मशीद असो की मंदिर, आपल्या जुन्या चुनेगच्ची भिंती याच देवाणघेवाणीवर उभ्या आहेत. गुहेत जे पाणी करते, ते गवंडी भट्टीच्या मदतीने थोड्या दिवसांत करीत असे.

बेलमची पहिली शास्त्रीय नोंद १८८४ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केली. मद्रासजवळ पल्लावरमला १८६३ मध्ये अश्मयुगीन दगडी हत्यार शोधणारे ते हेच. त्यांच्या फार आधी बौद्ध भिक्खू इथे राहत असत. त्यांचे अवशेष सापडले आहेत. फूट यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे इकडे कोणी फिरकले नाही. १९८२-८३ मध्ये डॅनियल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने गुहा तपशीलवार मोजली. मात्र त्याही काळात आसपासची वस्ती या खड्ड्यांत केरकचरा टाकत होती. गावातील काही जाणत्या मंडळींनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, सरकारने जागा संरक्षित केली, शेकडो वर्षांचा चिखल-गाळ उपसला गेला, आणि २००२ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली.

कचऱ्याची ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माती आणि मुरमातून मुरणारे पाणी गाळले जाते. चुनखडकाच्या वाटांतून जाणारे पाणी मात्र जवळजवळ न गाळताच पुढे जाते. वर खड्ड्यात जे टाकाल ते खाली कुणाच्या तरी विहिरीत निघणार. पाताळगंगेचे पाणी दोनेक किलोमीटरवर बेलम गावच्या विहिरीला मिळते, असे तिथले लोक मानतात. म्हणजे गाव आपल्याच पाण्याच्या वाटेवर कचरा टाकत होते.

आणि आपण? आपल्याकडे चुनखडकाच्या गुहा नाहीत, पण गावोगावी जुन्या विहिरी आणि बारवा आहेत. नळ आले, बोअर आले, तशा कितीतरी बारवा कचऱ्याने बुजल्या. आपल्या काळ्या पाषाणात आणि ग्रॅनाइटमध्ये पाण्याला राहायला दालने नाहीत. ते राहते मुरमात आणि दगडाच्या बारीक भेगांत. जागाच थोडी, म्हणून साठाही थोडा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पाऊस कमी झाला हे खरेच. पण उथळ भेगांतले पाणी उपसून झाल्यावर आपण खोल, आणखी खोल गेलो, हेही तितकेच खरे.

बेलमला जरूर जा. सोबत पाण्याची बाटली न्या, सुती कपडे घाला, गुडघे दुखत असतील तर घाई करू नका. स्तंभांना हात लावू नका; हाताचे तेल लागले की तिथे चुना नीट धरत नाही. टिचकी मारायचा मोहही आवरा. नाद ऐकायचाच असेल तर तो थेंबाचा ऐका. भिंतीवर नाव कोरणारे महाभाग तिथेही आहेत, त्यांच्यात आपली भर नको. आणि परत आल्यावर आपल्या गावची एखादी बुजलेली बारव शोधा. तिच्यातला कचरा काढायला चार माणसे आणि चार दिवस पुरतील. पाण्याला लाखो वर्षे लागली ते काम आपल्याला करायचे नाही. आपल्याला फक्त त्याची वाट मोकळी ठेवायची आहे.