सॉफ्टवेअर मोजायचे कशाने?

शिरूर तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले वेल्डिंग, शेती, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी अशी कामे करत करत शिकतात. वस्तू बनवायची तर साहित्य आणि मजुरी धरून खर्चही काढतात. लोखंडी टेबलाचा खर्च निघतो, कारण लोखंड मोजता येते. सॉफ्टवेअर कशाने मोजायचे?

प्रोग्रामच्या ओळी मोजणे हा जुना मार्ग. पण लांबलचक चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर चांगलाच असतो असे नाही. म्हणून १९७९ मध्ये आयबीएमच्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी ‘फंक्शन पॉइंट’ पद्धत मांडली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय करून देते, तेवढेच ती मोजते. नंतर आलेल्या ‘कॉस्मिक’ पद्धतीत माहितीच्या प्रत्येक हालचालीला १ गुण मिळतो.

समजा, आरोग्यसेविकेला मोबाइलवर गरोदर मातेचे हिमोग्लोबिन नोंदवायचे आहे. आकडा भरला, मातेची आधीची नोंद वाचली, नवी नोंद साठवली, ‘नोंद झाली’ असा संदेश दिसला: कॉस्मिकचे ४ गुण. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याला सूचना पाठवायची, तर आणखी १.

पद्धत विश्वासार्ह आहे का, याची कसोटी प्रयोगशाळेतल्यासारखीच. एकच नमुना दोघांनी तपासला, तर आकडा जवळपास सारखा यायला हवा. साहलीच्या पद्धतीत रंग डोळ्यांनी जुळवावा लागतो, म्हणून तपासणाऱ्यागणिक फरक पडतो. यंत्रात तो कमी असतो. दुसरी कसोटी म्हणजे मोजलेला आकार आणि प्रत्यक्ष लागलेले श्रम यांचा मेळ. तिसरी, ती पद्धत कोणत्या सॉफ्टवेअरला लागू पडते. फंक्शन पॉइंटमध्ये माहितीचा साठा कितीही मोठा असला तरी त्याला १५ च्या वर गुण नाहीत. कॉस्मिकमध्ये अशी कमाल मर्यादा नाही. पण छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय दाखवणाऱ्या प्रोग्राममधले अवघड गणित दोन्ही पद्धतींच्या मापात फारसे येत नाही.

ब्राझीलमध्ये अनेक सरकारी सॉफ्टवेअर कामांचे मोल फंक्शन पॉइंटवर ठरवले गेले आहे. प्रश्न जनतेच्या पैशाचा असल्याने कोणत्या पद्धतीने मोजले, हे करारात स्पष्ट हवे. एका पद्धतीचे गुण दुसरीत जसेच्या तसे चालत नाहीत. शिवाय आकार म्हणजे महत्त्व नव्हे. खर्च कमी करताना अधिकाऱ्याला जाणारी ती सूचना एकाच गुणाची दिसेल. ती गाळली, तर तीव्र रक्तक्षयाची माता नोंदवहीत राहील, पण रुग्णालयात वेळेवर पोहोचेलच असे नाही.