युद्धग्रस्त अफगाणिस्तानातील सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची पुनर्बांधणी : एक आकलन

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत रुग्णालये व डॉक्टर यांच्याबरोबरच औषधपुरवठा, रोगांच्या नोंदी, निधी आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी शासनयंत्रणा यांचा समावेश होतो. दीर्घकाळ चालणाऱ्या युद्धात हे सर्व घटक एकाच वेळी खिळखिळे होतात. त्यांची पुनर्बांधणी कोणत्या क्रमाने व कोणामार्फत करावी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांच्याही अभ्यासाचा आहे. प्रस्तुत लेखात अफगाणिस्तानच्या २००२ नंतरच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

१९७९ मधील सोव्हिएत आक्रमण, त्यानंतरचे यादवी युद्ध आणि १९९६ ते २००१ या काळातील तालिबानची राजवट यांमुळे अफगाणिस्तानातील शासकीय आरोग्ययंत्रणा जवळजवळ मोडीत निघाली होती. ज्या सेवा उरल्या होत्या, त्यांपैकी बहुतांश स्वयंसेवी संस्था चालवीत होत्या. २००२ मधील एका पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० मातामृत्यू होत होते. काबूलमध्ये हे प्रमाण सुमारे ४०० होते, तर बदख्शान प्रांतातील राघ या दुर्गम जिल्ह्यात ते ६,५०० च्या आसपास होते. एकाच देशातील ही तफावत पाहता, राजधानीत मोठी रुग्णालये बांधून प्रश्न सुटणार नव्हता, हे स्पष्ट होते.

मूलभूत आरोग्यसेवा संच

या परिस्थितीत अफगाण आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये 'मूलभूत आरोग्यसेवा संच' निश्चित केला. माता व नवजात बालकांचे आरोग्य, लसीकरण, पोषण, क्षयरोग व हिवताप यांचे नियंत्रण आणि अत्यावश्यक औषधांचा पुरवठा यांना त्यात अग्रक्रम देण्यात आला. गावपातळीवर आरोग्य चौकी, तिच्यावर मूलभूत आरोग्य केंद्र, त्यानंतर सर्वसमावेशक आरोग्य केंद्र व शेवटी जिल्हा रुग्णालय अशी रचना ठरविण्यात आली. आरोग्य चौकीवर शक्यतो एक पुरुष व एक स्त्री असे दोन स्वयंसेवक असावेत, अशी तरतूद होती. कोणत्या पातळीवर कोणती सेवा, किती कर्मचारी व कोणती औषधे असावीत, हे एकदा ठरल्यामुळे देणगीदारांनी आपापल्या आवडीचे प्रकल्प राबविण्याच्या प्रवृत्तीला बराच आळा बसला.

कंत्राट पद्धती व मूल्यमापन

अंमलबजावणीसाठी मंत्रालयाकडे पुरेसे मनुष्यबळ नव्हते. म्हणून बहुतेक प्रांतांतील सेवा कंत्राटाद्वारे स्वयंसेवी संस्थांकडे सोपविण्यात आल्या. धोरण व देखरेख शासनाची आणि प्रत्यक्ष सेवा संस्थांची, अशी ही विभागणी होती. जागतिक बँक, अमेरिकेची विकास-साहाय्य यंत्रणा आणि युरोपीय आयोग यांनी प्रांत वाटून घेऊन निधी पुरविला. परवान, कापिसा व पंजशीर या प्रांतांत मात्र मंत्रालयाने सेवा स्वतःकडे ठेवली. कामाचे मूल्यमापन त्रयस्थ संस्थांकडे देण्यात आले. त्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर जयपूर येथील भारतीय आरोग्य व्यवस्थापन संशोधन संस्थेचाही सहभाग होता, ही बाब भारतीय अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

स्त्री-कर्मचाऱ्यांचा प्रश्न

परपुरुषाकडून तपासणी करून घेण्यास समाजाची मान्यता नसल्याने, स्त्री-कर्मचारी नसलेले केंद्र स्त्रियांच्या दृष्टीने बंद असल्यासारखेच होते. २००२ मध्ये देशात प्रशिक्षित प्रसविकांची संख्या पाचशेहूनही कमी होती. यावर उपाय म्हणून दुर्गम भागातील मुलींची स्थानिक समाजाच्या संमतीने निवड करून त्यांना प्रथम अठरा महिन्यांचे व पुढे दोन वर्षांचे प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षणानंतर त्यांनी आपल्याच भागात काम करावे, अशी अपेक्षा होती. मुलींच्या शिक्षणाचा व मातांच्या जीविताचा संबंध किती निकटचा आहे, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

यश व मर्यादा

मातामृत्यू घटले, याविषयी दुमत नाही. किती घटले, याविषयी मात्र मतभेद आहेत. २०१० च्या सर्वेक्षणात ३२७ हे प्रमाण आढळले, परंतु दक्षिणेकडील अशांत भागातील माहिती अपुरी असल्याने ते वादग्रस्त ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात २०२० सालासाठी ६२० हे प्रमाण दिले आहे. युद्धग्रस्त देशातील आकडेवारी किती सावधपणे वाचावी लागते, याचे हे उदाहरण होय.

याहून गंभीर मर्यादा निधीची होती. आरोग्यावरील एकूण खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कुटुंबे स्वतःच्या खिशातून करीत होती. उर्वरित खर्चाचा मोठा भार परकीय मदतीवर होता व शासनाचा वाटा अत्यल्प होता. म्हणजेच सेवा उभी राहिली, परंतु तिचा आर्थिक पाया देशाबाहेर राहिला.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यानंतर याची प्रचिती आली. सेवांचा खर्च चालविणाऱ्या 'सेहतमंदी' प्रकल्पाचा निधी थांबला आणि जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या प्रकल्पातील केवळ १७ टक्के केंद्रे पूर्ण क्षमतेने कार्यरत राहिली. औषधे व वेतन यांसाठी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत पर्यायी निधी उभारण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये स्त्रियांना परिचर्या व प्रसविका प्रशिक्षण घेण्यासही मनाई करण्यात आली. आज कार्यरत असलेल्या प्रसविका निवृत्त झाल्यावर त्यांची जागा कोण घेणार, या प्रश्नाला निधी हे उत्तर होऊ शकत नाही.

समारोप

२००३ मध्ये कंत्राट पद्धतीचा स्वीकार करणे चुकीचे होते, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. शासनयंत्रणा सक्षम होईपर्यंत थांबणे म्हणजे हजारो मातांचे मृत्यू पाहत राहणे ठरले असते. मात्र अशी व्यवस्था संक्रमणकालीन असते. तिचा खर्च टप्प्याटप्प्याने देशांतर्गत महसुलातून कसा भागविला जाईल, याचे नियोजन आरंभापासूनच असणे आवश्यक असते. दुसरे असे की, आरोग्यसेवेचे मनुष्यबळ शाळा-महाविद्यालयांतूनच घडते. मुलींच्या शिक्षणाचे दार बंद झाल्यास रुग्णालयाचे दार फार काळ उघडे राहू शकत नाही. युद्धग्रस्त देशांच्या पुनर्बांधणीचा विचार करताना आरोग्य व शिक्षण ही दोन स्वतंत्र खाती मानणे म्हणूनच योग्य ठरणार नाही.